शनिवारची पोरे : वृद्धाश्रमातील स्वयंसेवा आणि नेतृत्व

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

मागील शैक्षणिक वर्षी जुलै महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकडीतील आम्ही बारा जण मुलुंडमधील एका वृद्धाश्रमात दर शनिवारी जाऊ लागलो. संस्थेचे नाव येथे मुद्दामच देत नाही. या लेखात जो दोष सांगायचा आहे तो आमचा आहे, संस्थेचा नाही. दुमजली जुनी इमारत, मागे चिकूचे झाड, तळमजल्यावर स्त्रियांचे दालन, वर पुरुषांचे, आणि जिन्यापाशी एक लांब बाकडे. रहिवासी ३८. दुपारी साडेतीनला चहा येई, त्याच्या थोडे आधी आम्ही पोहोचत असू. वर्तमानपत्र वाचून दाखवणे, चष्म्याची काडी बसवून आणणे, श्रवणयंत्राचा सेल बदलणे, कोणाची नखे कापणे, कोणाच्या भाच्याला फोन लावून देणे, अशी कामे. दोन महिन्यांत आम्हांला नाव पडले ‘शनिवारची पोरे’.

राष्ट्रीय सेवा योजनेची सुरुवात १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन झाली, हे आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. ‘मी नव्हे, तर तुम्ही’ हे तिचे बोधवाक्य. वर्षाला १२० तासांचे काम करायचे असते. आमचे तास जानेवारीअखेर भरले. फेब्रुवारीत अंतर्गत परीक्षा आल्या, मग विद्यापीठाची परीक्षा, मग सुट्टी. कोणी गावी गेले, कोणी नोकरी धरली. आम्ही जाणे थांबवले असे म्हणण्यापेक्षा ते थांबले असेच म्हणावे लागेल, कारण ‘पुढच्या शनिवारपासून येणार नाही’ असे त्या अडतीस माणसांपैकी एकालाही कोणी सांगितले नव्हते. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याने सांगितले असेल.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण पुन्हा गेलो. स्वागत नेहमीसारखेच झाले. परीक्षा कशी गेली, पाऊस कधी लागणार, अशी चौकशी झाली. तक्रारीचा एक शब्द नाही. वरच्या मजल्यावर खिडकीजवळ लालबागचे एक आजोबा राहतात. गिरणीत कामाला होते. १९८२च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, आणि पुढची पंचवीस वर्षे त्यांनी भांडुपला पहारेकऱ्याची नोकरी केली. त्यांच्या खाटेशेजारी भिंतीवर कालनिर्णय असते. शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत निळ्या पेनाने गोल काढायचा आणि शनिवारी आम्ही आलो की त्या गोलात बरोबरची खूण करायची, अशी त्यांची पद्धत. त्या दिवशी सहज मागची पाने उलटून पाहिली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत गोल आणि खूण. त्यानंतरच्या पाच शनिवारी नुसते गोल. पुढे गोलही नव्हते.

खाली रत्नागिरीकडच्या एक आजी होत्या. तीन वाजले की वेणी घालून, पातळ सारखे करून त्या जिन्यापाशीच्या बाकड्यावर येऊन बसायच्या आणि आम्ही फाटकातून आत आलो की, “किती जण आले?” असे मोजायच्या. जूनमध्ये त्या बाकड्यावर नव्हत्या. होळीपासून त्या चहा खाटेवरच घेतात, असे तेथील मावशींनी सांगितले. हे आमच्यामुळेच झाले असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. ऐंशी ओलांडलेल्या शरीराला खाटेला खिळायला कारणे पुष्कळ असतात. पण परत येताना लोकलमध्ये आम्ही पाचही जण गप्प होतो.

ही हकीकत मानसशास्त्राच्या सरांच्या कानावर घातली तेव्हा त्यांनी दोन जुने शोधनिबंध वाचायला दिले. रिचर्ड शुल्झ या अमेरिकन संशोधकाने १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वृद्धाश्रमातील ४० रहिवाशांचे त्याने चार गट केले आणि त्यांना भेटायला पाठवले ते महाविद्यालयीन विद्यार्थी! म्हणजे आमच्यासारखीच शनिवारची पोरे. पहिल्या गटातील वृद्धांनी स्वतः ठरवायचे की विद्यार्थ्याने कधी यावे आणि किती वेळ बसावे. दुसऱ्या गटाला विद्यार्थी केव्हा येणार आणि किती वेळ थांबणार ते आधी कळवले जाई. तिसऱ्या गटाकडे विद्यार्थी तेवढाच वेळ, तेवढ्याच वेळा जात, पण न कळवता, अवचित. चौथ्या गटाकडे कोणी जात नसे. दोन महिन्यांनी तपासले तेव्हा पहिले दोन गट प्रकृतीने, मनाने आणि हालचालीने इतर दोघांपेक्षा सरस निघाले. त्या दोघांत मात्र फारसा फरक नव्हता. अवचित भेटींचा उपयोग जवळजवळ नाही, असे दिसले. माणूस येण्याइतकेच तो येणार हे माहीत असणे मोलाचे, असा याचा अर्थ. आजोबांचा शुक्रवार रात्रीचा गोल मला तेव्हा कळला.

इथवर सारे उत्साहवर्धक आहे, आणि स्वयंसेवेच्या प्रास्ताविक भाषणात सांगण्याजोगे आहे. परंतु शुल्झने बार्बरा हॅनुसाबरोबर १९७८ साली दुसरा निबंध छापला, आणि खरा धडा त्यात आहे. भेटी थांबल्यानंतर २४, ३० आणि ४२ महिन्यांनी त्यांनी त्याच वृद्धांची पुन्हा पाहणी केली. ज्यांच्याकडे कोणी गेलेच नव्हते आणि ज्यांच्याकडे विद्यार्थी अवचित जात असत, ते साधारण होते तसेच होते. ज्या दोन गटांना सर्वांत अधिक लाभ झाला होता, तेच प्रकृतीने आणि जगण्याच्या उमेदीने घसरले होते. ज्यांना आपण खरोखर काही दिले, त्यांच्याकडूनच जाताना ते काढूनही नेले.

चाळीस माणसांवरच्या प्रयोगावरून सगळ्या जगाचा नियम बांधता येत नाही, हे पदवीच्या पहिल्या वर्षापासून आपल्याला शिकवले जाते. अमेरिकेतले वृद्ध वेगळे, आपले वेगळे, असेही कोणी म्हणेल. तरीही कालनिर्णयाचे ते पान डोळ्यांसमोर असताना मला हा निबंध परका वाटला नाही.

आमच्या बैठकीत यावर दोन मते पडली. काहींचे म्हणणे, असे असेल तर जाऊच नये. १ ऑक्टोबरच्या जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाला एकदा जावे, फळे वाटावीत, छायाचित्र काढून परत यावे. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली हा दिवस ठरवून दिला, तेव्हापासून फळवाल्यांचा त्या दिवशी मोठाच फायदा होत असावा. (मधुमेह असलेल्यांच्या आश्रमात केळ्यांचे तीन घड एका दिवशी येऊन पडलेले मी पाहिले आहेत.) दुसऱ्यांचे म्हणणे, आणखी जास्त जावे, आठवड्यातून दोनदा जावे. दोन्ही मते मला चुकीची वाटली. अवचित भेट वाया जाते असे प्रयोग सांगतो. आणि बारा विद्यार्थी पदवीनंतरही वर्षानुवर्षे येत राहतील हे वचन देणे म्हणजे खोटे बोलणे. मग आपण निघून गेल्यावरही मागे उरेल असे काय आहे?

याच काळातला आणखी एक प्रयोग या प्रश्नाला उपयोगी पडतो. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी कनेक्टिकट राज्यातील एका शुश्रूषागृहात तो केला आणि १९७६ सालीच प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या ४७ रहिवाशांना व्यवस्थापकाने सांगितले की तुमच्या खोलीची मांडणी, पाहुणे, चित्रपट गुरुवारी पाहायचा की शुक्रवारी, हे तुम्ही ठरवा. आणि हे रोप तुम्हीच निवडा, त्याची काळजीही तुम्हीच घ्या. दुसऱ्या मजल्यावरच्या ४४ जणांनाही रोप दिले, पण त्याला पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक हुशार, अधिक बोलती झालेली दिसली. दीड वर्षानेही फरक टिकून होता. मृत्यूंचे प्रमाणही कमी आढळले, असे त्यांनी लिहिले. पण त्या हिशेबात चूक होती आणि त्यांनी १९७८ साली दुरुस्ती छापली, म्हणून त्या भागावर मी भर देत नाही. महत्त्वाचे हे की येथे बाहेरून येणारा कोणी नव्हता, म्हणून निघून जाणाराही कोणी नव्हता. रोप तिथेच होते आणि ते जगवायचे काम रहिवाशाचे होते.

आता ‘नेतृत्व’ या शब्दाकडे वळतो. आमच्या शिबिरांत हा शब्द फार ऐकू येतो आणि त्याचा अर्थ बहुधा ‘स्वयंसेवकाचे व्यक्तिमत्त्व विकसन’ असा असतो. पुढे उभे राहून बोलायचे कसे, गट कसा हाताळायचा, वगैरे. वृद्धाश्रमात या नेतृत्वाचा मला काही उपयोग दिसला नाही. अडतीस माणसे, त्यांत कोणी पोस्टात आयुष्य काढलेले, कोणी पालिकेच्या शाळेत तीस वर्षे मुले हाताळलेली, कोणी चाळीच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च वीस वर्षे चोख ठेवलेला. त्यांचे नेतृत्व वीस वर्षांच्या आम्ही करावे, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. घाटकोपर, बोरिवली, मुलुंड या उपनगरांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांची फेस्कॉम ही राज्यव्यापी संघटना आहे, आणि ही सर्व मंडळी आपले कार्यक्रम, आपल्या मागण्या, आपले वाद स्वतः चालवतात. वृद्धाश्रमाच्या फाटकातून आत गेले की तोच माणूस एकदम ‘लाभार्थी’ कसा होतो?

या संदर्भात एका बाईची गोष्ट सांगतो. अंधेरी पूर्वेला महाकाली लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या जोगिणींचे वृद्धगृह आहे. आपल्यापैकी अनेकांनी बसमधून जाताना ते पाहिले असेल. गरीब वृद्धांना, जातधर्म न पाहता, अखेरपर्यंत सांभाळणे हे या संघाचे काम. हिंदुस्थानात तो १८८२ साली कलकत्त्याला आला. त्याची मूळ संस्थापिका झान जुगाँ ही फ्रान्सच्या किनाऱ्यावरील एका कोळ्याची मुलगी. १८३९च्या हिवाळ्यात, वयाच्या ४७व्या वर्षी, तिने एका आंधळ्या, लुळ्या म्हातारीला घरी आणले आणि स्वतःचे अंथरूण तिला दिले. म्हाताऱ्या वाढत गेल्या. त्यांतल्या काही पूर्वी ठरावीक घरी भीक मागून जगत असत. जुगाँने त्यांच्याकडून त्या घरांची माहिती घेतली आणि त्यांच्याऐवजी स्वतः टोपली घेऊन त्या दारांत जाऊ लागली.

मला या प्रसंगात भीक मागण्यापेक्षा माहिती मागणे जास्त मोलाचे वाटते. कोणत्या घरी काय मिळते, कोण हिडीसफिडीस करतो, कोणाकडे शनिवारी जावे, हे ज्ञान त्या म्हाताऱ्यांचे होते, आणि संस्था त्या ज्ञानावर उभी राहिली. पुढची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. १८४३च्या डिसेंबरात सहकारी भगिनींनी तिला पुन्हा प्रमुख निवडले, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या धर्मगुरूने ती निवड रद्द करून तिला बाजूला सारले. ती टोपली घेऊन फिरतच राहिली. १८५२ नंतरची २७ वर्षे तिने संघाच्या मुख्य मठात काढली, आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या तरुण भगिनींपैकी अनेकींना ही वृद्ध बाई आपली संस्थापिका आहे याचा पत्ताही नव्हता. १८७९ साली ती वारली. तिला संतपद मिळाले २००९ साली. पदाविना चाललेले नेतृत्व कसे असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला तरी सापडले नाही. तिच्यावर झालेला अन्याय मात्र त्यामुळे लहान होत नाही.

असो. आमच्या शनिवारांचे पुढे काय झाले ते सांगतो. प्रथम आम्ही रहिवाशांची बैठक घेतली आणि विचारले, “आजीआजोबा, तुम्हांला काय हवे आहे?” उत्तर आले, “काही नको रे पोरांनो, तुम्ही येता तेच खूप.” बैठक दहा मिनिटांत संपली. ज्याचे जेवण आणि अंथरूण दुसऱ्याच्या हाती आहे तो माणूस मागणी करीत नाही, हे आम्हांला आधी कळायला हवे होते.

नंतर एकदा आम्हीच अडचणीत सापडलो तेव्हा गाडी रुळावर आली. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४पासून तो ‘जीवन प्रमाण’ पद्धतीने आधार क्रमांक आणि बोटाच्या ठशावरून देता येतो. आश्रमात असे अकरा जण होते. कोणाचे खाते कोणत्या बँकेत, कोणाचा क्रमांक कोणता, कोणाचे नाव आधारवर वेगळे आणि पासबुकावर वेगळे, यात आम्ही पुरते गोंधळलो. शेवटी पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा म्हणाले, “आणा इकडे ती वही.” दोन दिवसांत त्यांनी रकाने आखून यादी तयार केली. ज्यांच्या बोटांच्या रेषा कामाने झिजून गेल्या होत्या त्यांची नावे त्यांनी वेगळी काढली, आणि त्यांच्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची, २०२१ साली सुरू झालेली सोय वापरा, असे सुचवले. ते कुठे कळले म्हणून विचारले तर म्हणाले, “तूच वाचून दाखवलास की पेपरात.” आमचे काम उरले ते फोन हातात धरण्याचे. अकराही दाखले वेळेत गेले.

त्या वहीतून रहिवासी मंडळ जन्माला आले. ते फार आदर्श आहे असे मुळीच नाही. पोस्टातले आजोबा महिनाभरात साहेब झाले. दूरदर्शन संचावर क्रिकेट की मालिका, यावरून असे भांडण पेटले की दोन खाटा खोलीच्या दोन टोकांना गेल्या. आजींनी “पुरुषांचे मंडळ पुरुषांनाच लखलाभ” म्हणून खाली आपले वेगळे मंडळ काढले, आणि निवृत्त शिक्षिका असलेल्या आजींकडे त्याची वही आली. एका प्राध्यापकांनी काळजीने विचारले की तुमच्यामुळे तेथील शांतता बिघडली का? बिघडली, हे खरे आहे. पण चाळीस माणसे एकत्र राहतात तेथे भांडण नसणे हे कोणत्या प्रकारचे आरोग्य म्हणायचे, हा माझा त्यांना उलट प्रश्न होता.

मंडळाच्या वहीत आणखी एक विषय आला. तळमजल्यावरच्या एका आजींनी मुलगा खर्चाला काहीच पाठवत नाही, असे प्रथमच उघडपणे सांगितले. २००७च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यान्वये निर्वाहखर्चासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि स्वतः अर्ज करणे शक्य नसेल तर ज्येष्ठ नागरिकाने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही तो करू शकते, हे आम्ही वाचून दाखवले. अर्ज करायला आजी तयार झाल्या नाहीत. “पोटच्या पोराला कचेरीत ओढू?” एवढेच म्हणाल्या. आमच्यातल्या एकीला फार राग आला, आपणच अर्ज लिहून टाकू असे ती म्हणू लागली. शिक्षिका आजींनी तिला बाजूला घेऊन सांगितले, “तिला कळले आहे, ते पुरे. आता ते तिचे तिला ठरवू दे.” याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम असावा, असेही म्हटले आहे. आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ९३ लाखांवर होती. वाचकांनी प्रमाण स्वतःच काढावे.

आता आमच्या जाण्याच्या तारखांविषयी. यंदा जुलैच्या पहिल्याच शनिवारी आम्ही शेवटचा शनिवारही सांगून टाकला. परीक्षेचे चार शनिवार कोणीही येणार नाही, त्यानंतर तिसऱ्या वर्षाचे येणार नाहीत, पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचे येतील, हे सर्व मंडळाच्या बैठकीत मांडले. नवीन मुलांना नोव्हेंबरपासूनच बरोबर नेऊ लागलो, म्हणजे ओळख आधी आणि निरोप नंतर. कोणी यायचे आणि काय काम घ्यायचे ते मंडळ ठरवते. एकदा त्यांनी आम्हांला “या शनिवारी येऊ नका, भजन आहे, गर्दी होते” असे कळवले. त्या दिवशी आम्ही मुलुंड स्टेशनवर वडापाव खाऊन परत आलो आणि का कोण जाणे, खूप बरे वाटले.

रत्नागिरीच्या आजी बाकड्यावर परत आल्या नाहीत. त्या चहा खाटेवरच घेतात. नव्या तुकडीतील दोघी मुली आपले कप घेऊन तेथे जाऊन बसतात, आणि आजी त्यांना “बाकीचे किती आले?” असे विचारतात.

हा लेख लिहीत असताना जानेवारी संपत आला आहे. लालबागच्या आजोबांकडे नवे कालनिर्णय लागले आहे. गेल्या शनिवारी त्यांनी आम्हांला फेब्रुवारी-मार्चची पाने उघडून दाखवली. चार चौकटींत त्यांनी आपल्या हाताने ‘परीक्षा’ असे लिहून ठेवले आहे. पाचव्या चौकटीत गोल आहे, आणि गोलाशेजारी दुसऱ्या वर्षाच्या तीन मुलांची नावे. त्यातल्या एकाचे आडनाव चुकले आहे, ते त्याने तेथेच पेन मागून दुरुस्त केले.